कालच्या कुस्तीचे पैसे

यामिनीच्या कामाला मराठीत नाव नाही. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात कुणी नवं माणूस भेटलं आणि "तुम्ही काय करता?" असं विचारलं, की ती म्हणायची, "मी माणसं जोखते." समोरचा हसायचा. यामिनीही हसायची. पण ते खरंच होतं.

अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनमध्ये तिचं घर आणि तिथून जवळच तिची कंपनी. ही कंपनी बेसबॉलच्या क्लबांना हिशेब करून देते. एखाद्या क्लबाकडे मोठा खेळाडू असतो. त्याचा करार संपत येतो. तो म्हणतो, आणखी सहा वर्षं ठेवा आणि एवढे पैसे द्या. तो आकडा ऐकून आपल्याकडचा माणूस आधी करंगळी घालून कान साफ करील. तर क्लब विचारतो, हा गडी एवढ्या मोलाचा आहे का? मग यामिनी बसते. त्यानं आजवर मारलेला प्रत्येक चेंडू, तो किती जोरात गेला, बॅट किती वेगानं फिरली, पळताना पाय कसा पडला, सगळं तिच्यासमोर येतं. त्याच अंगलोटीचे, त्याच वयाचे आधीचे खेळाडू पुढं कसे निघाले, तेही येतं. त्यातून एक रेघ निघते. ती रेघ विशी-पंचविशीत चढते, काही वर्षं माळावरच्या वाटेसारखी सपाट चालते आणि तिशीनंतर उतरायला लागते. कुणाची ओढ्याच्या उतारासारखी सावकाश, कुणाची कड्यावरून दगड सुटावा तशी. पण उतरते. वर चढतच राहिलेली रेघ यामिनीनं अजून पाहिली नव्हती.

कुठल्या क्लबासाठी कुणाला जोखते आहे, हे घरातही सांगायचं नाही, अशी कामाची अट होती. ती अट यामिनी पाळत आली होती. नवऱ्यालाही, म्हणजे मिहीरलाही, कधी सुगावा लागू दिला नव्हता.

एक गोष्ट मात्र ती सगळ्यांना सांगायची. क्लबाच्या साहेबांपुढं उभी राहिली, की पहिल्यांदा म्हणायची, "माझे वडील पैलवान होते. ते म्हणत, पैसे कालच्या कुस्तीचे नसतात, उद्याच्या कुस्तीचे असतात." साहेब माना डोलवायचे. एकदा तर एकानं ते वाक्य लिहून घेतलं. यामिनीचा ऊर भरून यायचा. कृष्णाकाठच्या गावातला, चार बुकं शिकलेला आपला बाप इथं काचेच्या इमारतीत आपल्या शेजारी येऊन उभा राहिला आहे, असं तिला वाटायचं. तिची सगळी विद्या त्या एका वाक्यावर उभी होती. शाळेत पहिली आली तरी आप्पा हेच म्हणायचे. बारावीला नंबर लागला तेव्हा हेच. विमानतळावर निरोप देतानाही हेच म्हणाले होते.

हे आप्पा, म्हणजे त्र्यंबक पैलवान, एप्रिलच्या शेवटी लेकीकडे राहायला आले. आदल्या दिवाळीत आई गेली होती. घरात एकटा माणूस, चूल पेटते की नाही कुणास ठाऊक, म्हणून मिहीरनंच आग्रह धरला.

सत्तरीतले आप्पा अजूनही दारातून आत आले की खोली लहान व्हायची. मान खांद्यात रुतलेली, दोन्ही कान मातीत घासून घासून मोडलेले, वाळल्या अंजिरासारखे. फक्त उजवा गुडघा सरळ होत नसे. जिना उतरताना ते आडवे होऊन, एक पाऊल टेकवून दुसरं त्याच्याजवळ आणत, म्हाताऱ्या बैलानं घाट उतरावा तसे उतरत. कुणी हात पुढं केला की म्हणत, "हात मागं घे."

आप्पांना त्या गावात करमायला वेळ लागला. गवत कापलेलं, रस्ते धुतल्यासारखे, पण माणूस दिसायचं नाही. सकाळी ते तळ्याच्या कडेनं फिरायला जात आणि बदकांशी बोलून येत. एके दिवशी मात्र हसत आले.

"काय झालं आप्पा?" यामिनीनं विचारलं.

"एक गोरा भेटला. माझ्याएवढाच म्हातारा. त्यानं माझ्या कानाला बोट दाखवलं, मग सोताच्या कानाला. त्याचे बी मोडलेले. मग आमी हात मिळवला. त्यानं दाबला, मी बी दाबला."

"मग?"

"मग काय. त्यानं आधी सोडला."

तो गोरा जवळच्या शाळेत पोरांना कुस्ती शिकवायचा, हे नंतर कळलं. पण तो उन्हाळ्यात लेकाकडं दुसऱ्या राज्यात गेला आणि आप्पा परत बदकांचे झाले.

त्यांना घरात धरून ठेवलं ते बेसबॉलनं. मिहीर संध्याकाळी टीव्ही लावायचा. आप्पा पहिल्यांदा नुसते बघत बसले. मग विचारायला लागले. मग सांगायला लागले. आणि एका संध्याकाळी त्यांना ओटिस ब्रॅमवेल सापडला.

ब्रॅमवेल तिसऱ्या बेसवर, म्हणजे खेळाच्या चौकोनाच्या तिसऱ्या कोपऱ्यावर उभा राहणारा, तेहतीस वर्षांचा, वासराच्या पाठीएवढे दंड असलेला खेळाडू. फलंदाजीला आला की आधी खाली वाकायचा, माती उचलायचा आणि तळहातांना चोळायचा. मग पाय रोवायचा, बुटाच्या टाचेनं जमीन उकरून.

"हे बघ, हे बघ," आप्पा म्हणाले. "माती लावली हाताला. मातीतला गडी हाय ह्यो."

"कोण, ब्रॅमवेल?" मिहीर म्हणाला.

"व्हय, बरमल."

तेव्हापासून तो बरमल झाला. बाकीचे खेळत असताना आप्पा चहा प्यायचे, शेंगा सोलायचे. बरमल आला की शेंगा बाजूला ठेवायचे. त्यानं चेंडू गर्दीत भिरकावला की स्वतःच्या मांडीवर थाप मारायचे, आणि ती थाप सैपाकघरात ऐकू यायची.

सैपाकघरात यामिनी उभी असायची आणि ती नळ मोठा सोडायची. कारण मे महिन्यापासून तिच्या कॉम्प्युटरवर ब्रॅमवेलच उघडा पडला होता. त्याच्या क्लबानं विचारलं होतं, सहा वर्षं मागतो आहे, देऊ का? रेघ अजून पुरी निघाली नव्हती. पण कुठल्या दिशेनं चालली आहे, ते तिला दिसत होतं.

जूनमधल्या एका रविवारी अंकुर आणि लतिका जेवायला आले. अंकुर नागपूरचा, मिहीरच्या ऑफिसातला. लतिका त्याची बायको, त्याच्यापेक्षा तिखट. टीव्ही चालूच होता.

"काय काका, क्रिकेट सोडलं का?" अंकुरनं विचारलं.

"किरकेट दिसतं कुठं हितं? आन् ह्यात दम हाय. थांब जरा, बरमल येऊ दे."

"बरमल कोण?"

"ब्रॅमवेल," मिहीर म्हणाला. "सासऱ्यांनी बारसं केलंय त्याचं."

"अच्छा, तो? त्याला नवीन कॉन्ट्रॅक्ट हवंय म्हणे. वर्षाला अडीचशे कोटी, यार. इथं मी डाउनपेमेंटसाठी रडतोय, आणि हा उभ्या उभ्या पोटऱ्या खाजवायचे अडीचशे कोटी घेणार."

"तू फुकट खाजवतोस, म्हणून तुला वाईट वाटतंय," लतिका म्हणाली.

सगळे हसले. आप्पाही हसले. मग म्हणाले, "देऊ देत की. लोकं त्याच्यासाठीच येत्यात. बाकीच्यांचं तोंड बघायला कोन येतंय?"

"बघ यामिनी, काकांनी निकाल दिला," अंकुर म्हणाला. "तू एक्स्पर्ट. तू सांग. वर्थ आहे का?"

यामिनी पोळ्या घेऊन आली होती. ब्रॅमवेलबद्दल ती बोलू शकत नव्हती, म्हणून एकूणच म्हणाली, "त्यांनी खूप दिलेलं असतं रे क्लबला. पण ते होऊन गेलेलं असतं. ह्याचं उत्तर आमच्या आप्पांनी कधीच देऊन ठेवलंय." तिनं आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. आवाजात कौतुक होतं. "पैसे कालच्या कुस्तीचे नसतात, उद्याच्या कुस्तीचे असतात. मी प्रत्येक मीटिंगमध्ये सांगते. माझ्या वडिलांचं वाक्य म्हणून सांगते."

आप्पा टीव्हीकडं बघत होते. बरमल माती उचलत होता.

"माझं नाय ते," आप्पा म्हणाले.

"काय, आप्पा?"

"ते वाक्य. माझं नाय. कारखान्याच्या चेअरमनसायबांचं हाय. माझं मानधन बंद केलं, तवा केबिनमदी बसवून सांगितलं त्यांनी." मग ताट थोडं पुढं सरकवून म्हणाले, "भात वाढ, बाई."

यामिनीनं भात वाढला. अंकुरनं काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं, लतिकानं त्याच्याकडं बघितलं, आणि त्यानं तोंड मिटलं.

मानधनाचं यामिनीला ठाऊक होतं, पण कथेसारखं. आप्पा चोविसाव्या वर्षी जत्रेतली शेवटची, म्हणजे सगळ्यांत मोठी कुस्ती जिंकले, तेव्हा साखर कारखान्यानं त्यांना ठेवून घेतलं. दर महिन्याला मानधन, वर दूध, तूप, बदाम. आप्पांनी कारखान्याच्या नावानं लढायचं. बारा गावची माणसं ट्रॅक्टर भरभरून यायची. मग गुडघा गेला, आणि आप्पा त्याच कारखान्यात ऊस वजन करायच्या काट्यावर पहारेकरी झाले. यामिनी तेव्हा पाच वर्षांची. तिला आठवत होतं ते एवढंच, की आप्पा पहाटे अंधारात उठून बसायचे आणि कुणाशी तरी बोलल्यासारखे ते वाक्य म्हणायचे. तिला वाटलं, मोठी माणसं पहाटे असंच काही म्हणत असतील. देवाचं नाव घ्यावं तसं.

ज्या दगडाखाली बाप दबला होता, तोच दगड ती तीर्थ म्हणून जगाला दाखवत हिंडली होती.

त्यानंतर घरात बोलणं चालू राहिलं, पण वरवरचं. आप्पा रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. ऑक्टोबरात ते परत जाणार होते, तिकीट काढलेलं होतं, आणि या वयात ते परत येतील की नाही, सांगता येत नव्हतं. त्याआधी एकदा त्यांच्या छातीवरचा हा दगड उतरवावा, एवढंच यामिनीला हवं होतं. कसा उतरवायचा ते कळत नव्हतं.

वाट आप्पांनीच दाखवली. घराच्या मागं लाकडी सज्जा होता, तिथं ते संध्याकाळी बसत. एकदा म्हणाले, "त्या खेळाडूंना मोजतीस, तसं मला मोज."

"कुस्तीचं कसं मोजणार, आप्पा?"

"का? हार हाय, जीत हाय, वय हाय, किती येळ चालली ते हाय. तुझ्या यंत्राला आनि काय लागतं?"

मग त्या उन्हाळ्यात रोज संध्याकाळी आप्पा सांगत गेले आणि यामिनी भरत गेली. सोलापूरचा एक गडी, मान रेड्यासारखी, त्याला ढाकेचा डाव लावून कसा उडवला. एका कुस्तीत अंधार पडला, तेव्हा पंचांनी गॅसबत्त्या आणवल्या. एकदा कानाचं रक्त थांबेना, तर आखाड्यातली हळद-ताकाची माती दाबून लावली आणि परत हात मिळवला. बापाच्या तोंडून त्याचं आयुष्य यामिनी पहिल्यांदाच ऐकत होती. तिची मुलगी अनिका पायरीवर बसून ऐकायची आणि मध्येच विचारायची, "डिड यू विन?"

"व्हय," आप्पा म्हणायचे. इंग्रजी प्रश्न तेवढा त्यांना बरोबर कळायचा.

जुलैत रेघ निघाली.

यामिनी ती बघत बसली. आप्पांची रेघ सुंदर चढली होती. इतकी सरळ चढण तिनं फार थोड्या खेळाडूंची पाहिली होती. मग सपाट झाली. मग उतरली. आणि कारखान्यानं मानधन बंद केलं, त्याच्या एक वर्ष आधीच ती खाली आलेली होती. म्हणजे चेअरमन बरोबर होते. बरोबरच्या पुढं जाऊन थोडे दयाळूही होते. तिच्यापुढं हाच माणूस ठेवला असता, आणि नाव झाकलं असतं, तर तिनं एक वर्ष आधी नको म्हटलं असतं.

"काय म्हनतंय यंत्र?" आप्पांनी विचारलं. ते शेंगा सोलत होते.

यामिनीनं कॉम्प्युटर मिटला. "चेअरमननी घाई केली, आप्पा. अजून तीन वर्षं तरी ठेवायला हवं होतं."

आप्पांनी सोललेले दाणे ओंजळीत घेतले, फुंकर मारून फोलपटं उडवली.

"मग बिघडलंय तुझं यंत्र," ते म्हणाले. "शेवटच्या वर्षातल्या दोन जिती भरल्यास का त्यात? कराडची आनि मिरजेची?"

"भरल्या की."

"त्या नुरा होत्या."

यामिनी बघत राहिली. आधी ठरवून लढलेली कुस्ती म्हणजे नुरा, एवढं तिला ठाऊक होतं. पण आप्पांच्या तोंडी तो शब्द तिनं फक्त शिवीसारखा ऐकला होता.

"मी ठरवल्या नव्हत्या," आप्पा म्हणाले. "समोरची पोरं होती. लहानपनी माज्या कुस्त्या बघितलेली. माजा गुडगा लटपटताना बघितला आन् सोताहून पाठ टेकली. मला मातीतच कळलं. लोकं फेटे उडवत होती, आनि मला वाटत होतं, जमीन दुभंगावी." त्यांनी दाणे तिच्या हातावर ठेवले. "चेअरमनसायब खोटं बोलले नव्हते, बाई. तू बी बोलू नको."

यामिनीचे डोळे भरून आले. "मग एवढी वर्षं मनात काय धरून बसलात?"

"त्यांनी मानधन बंद केलं, ते बरोबरच. म्हैस आटली की पेंड आपन बी कमी करतो. पर तिला दावनीवरनं सोडून हाकलत नाय." आप्पा तळ्याकडं बघत होते. "पुढच्या वर्साच्या जत्रेत कारखान्यानं जुन्या पैलवानांना फेटे बांधले. एकेकाचं नाव पुकारून. हलगी वाजत होती. मी काट्यावरची पाळी बदलून गेलो होतो. नवं धोतर नेसून. म्हागं गर्दीत हुभा राह्यलो, नाव आलं की म्होरं जायला सोपं पडावं म्हनून कडंला."

"आणि?"

"नाय आलं. इसरले असतील. मुद्दाम कोन कशाला करील?" मग गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठले. "तवापासनं जत्रंला गेलो नाय."

त्या आठवड्यात यामिनीनं ब्रॅमवेलचा अहवाल पाठवला. जे निघालं होतं तेच लिहिलं. सहा वर्षं देऊ नयेत. दोन दिली तर चालतील, तीही कमी पैशांत. खाली तिनं आपल्या मनानं एक परिच्छेद जोडला, की हा माणूस त्या शहराला काय आहे, ते या रेघेत येत नाही, लोक त्याचं नाव पाठीवर घालून हिंडतात, आणि तो जाईल तेव्हा त्याला कसं पाठवायचं याचाही क्लबानं विचार करावा. तिच्या वरच्या साहेबांनी वाचलं. "छान लिहिलंयस," ते म्हणाले, "पण यात नंबर नाही," आणि तो परिच्छेद काढून टाकला.

सप्टेंबरात बातमी आली. ब्रॅमवेलला क्लब पुढं ठेवणार नाही.

आप्पांनी टीव्हीचा आवाज बंद केला. चित्रं हलत राहिली.

"तू जोखलंस?" त्यांनी विचारलं.

यामिनी टेबलावरची शेंगांची फोलपटं गोळा करायला लागली.

"नको सांगू. कामाचा नेम असंल." मग म्हणाले, "आता त्याचं काय?"

"दुसरा कुणीतरी घेईल, आप्पा. तीन-चार वर्षांचं देतील."

"आन् तिथं गेल्यावर गुडगा गेला तर?"

"तरी मिळतात पैसे. इथं एकदा सही झाली की सगळे द्यावे लागतात."

"गुडगा गेला तरी?"

"हो."

"खेळला नाय तरी?"

"हो, आप्पा."

आप्पांनी आपल्या उजव्या गुडघ्याकडं पाहिलं. झोपलेल्या नातवंडाकडं बघावं तसं. "चांगली रीत हाय," ते म्हणाले. आणि मग, "मला त्याला एकदा बघायचंय. टीवीत नाय."

महिनाअखेरीला त्या क्लबाचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना होता. मिहीरनं चार तिकिटं काढली. शनिवारची दुपार. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मका पिवळा पडून उभा होता. "काढायला आलाय," आप्पा म्हणाले, आणि मैदान येईपर्यंत तेवढंच बोलले. पांढरा नेहरू शर्ट, पायजमा, कडक इस्त्रीची टोपी. मैदानाच्या दारात पहारेकऱ्यानं टोपी काढून दाखवायला लावली. त्यांनी दाखवली, परत घातली, आणि नीट बसली का ते यामिनीला विचारलं.

त्यांच्या जागा खालून दहाव्या-बाराव्या रांगेत होत्या. आप्पा खुर्चीच्या कडेवर बसले, आणि बसले ते उठलेच नाहीत. अनिकानं आणलेला हॉटडॉग त्यांनी हातात धरून ठेवला आणि शेवटी तिलाच दिला. चारी बाजूंना ब्रॅमवेलचं नाव पाठीवर घातलेली माणसं होती. काही बाया त्याच्या नावाचे कागद घेऊन आल्या होत्या. समोरच्या रांगेतला एक जाडजूड माणूस आत्तापासूनच डोळे पुसत होता.

बरमल आला की आप्पा पुढं झुकायचे. दोनदा तो बाद झाला. एकदा चेंडू लांब गेला, पण कुंपणाआधीच झेलला गेला. पळताना त्याचा डावा पाय किंचित उशिरा उचलला जात होता. यामिनीला ते दिसलं. आप्पांनाही दिसलं असणार.

सामना संपत आला. ब्रॅमवेल तिसऱ्या बेसवर उभा होता. खेळ मध्येच थांबला. कोच बाहेर आला आणि त्यानं एका नव्या पोराला ब्रॅमवेलच्या जागी पाठवलं.

"का काढला?" आप्पांनी विचारलं. "काय चुकलं त्याचं?"

"काही नाही चुकलं," मिहीर वाकून म्हणाला. "मुद्दाम काढलंय. म्हणजे त्याला एकट्याला मैदानातून चालत येता येतं. सगळ्यांना त्याला बघता येतं."

ब्रॅमवेलनं त्या पोराच्या पाठीवर थाप मारली आणि टोपी काढून चालायला लागला. आणि सगळं मैदान उठलं. पहिल्यांदा आवाज आला नाही, नुसता हजारो माणसं उठल्याचा खळबळाट. मग टाळ्या. ऊस पेटल्यावर फडात उठतो तसा कडकडाट वरून खाली, खालून वर फिरत राहिला.

यामिनी उठली. तिला टाळ्या वाजवायच्या होत्या. पण ती रेघ तिनंच काढली होती. तिचे हात उचलेनात. तिनं आप्पांकडं बघितलं.

आप्पा उठायला धडपडत होते. इतका वेळ एका जागी बसल्यानं गुडघा धरला होता. दोन्ही मुठी खुर्चीच्या हातांवर रोवून ते जोर लावत होते. अंग वर यायचं, गुडघा अर्ध्यात अडायचा, आणि अंग परत खाली जायचं. समोर उभ्या माणसांच्या पाठीच पाठी होत्या. त्या फटींतून त्यांना एक टोपी काढलेलं डोकं दिसत असेल, तेवढंच. यामिनीनं हात पुढं केला.

"हात मागं घे," आप्पा म्हणाले.

मिहीरही वाकला. त्यालाही त्यांनी मान हलवून नको म्हटलं. कपाळावरची शीर फुगली होती. टोपी एका कानावर आली होती. यामिनी हात मागं घेऊन उभी राहिली. त्या सबंध मैदानात तिला तेवढी एकच कुस्ती दिसत होती.

ब्रॅमवेल मैदानाच्या कडेला, खेळाडूंच्या बसायच्या जागेत उतरणाऱ्या पायऱ्यांपाशी पोहोचला. थांबला, वळला, टोपी उंच धरली. मग खाली उतरून छपराच्या सावलीत दिसेनासा झाला. टाळ्या विरळ झाल्या. माणसं डोळे पुसत, हसत, एकमेकांना कोपरखळ्या मारत खाली बसायला लागली. समोरचा जाडजूड माणूस बसला. त्याच्या पुढची रांग बसली. नव्या पोरानं जागा घेतली, आणि पुढचा चेंडू टाकायची तयारी सुरू झाली.

तेव्हा आप्पा उभे राहिले.

पूर्ण उभे राहिले, मान सरळ, टोपी नीट केलेली, वाकडा गुडघा शर्टाच्या घोळाखाली झाकलेला. आता त्यांच्यापुढं कुणी नव्हतं. सगळं मैदान त्यांना दिसत होतं, हिरवं गवत, तांबडी माती, आणि त्या मातीवर उभा एक अनोळखी पोर. पायऱ्या रिकाम्या होत्या.

मागच्या रांगेतून एका बाईचा आवाज आला, मऊ पण कंटाळलेला, "सर? प्लीज?"

यामिनी बसलीच नव्हती. ती आप्पांच्या शेजारी सरकली, खांद्याला खांदा लावून उभी राहिली. अनिकानं आजोबांचा शर्ट ओढला.

"आप्पा आजोबा, इट्स ओव्हर."

"ठाऊक हाय," आप्पा म्हणाले, आणि उभेच राहिले.